घरातली साखर कमी करायची तर पुरणपोळीला हात लावू नका, आधी चहाचं भांडं बघा

साखर कमी करायची असं घरात कोणी जाहीर केलं की आपल्याकडे पहिली गदा येते ती सणावर. महालक्ष्म्यांचं पुरण कमी करा, दिवाळीत अनारसे नको, वाढदिवसाला केक नको, मग पोट्टे रुसतात, म्हातारी माणसं पुटपुटतात आणि आठवडाभरात सगळं जिथल्या तिथे. माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. पुरणाचा स्वयंपाक वर्षातून किती वेळा होतो ते बोटावर मोजा. चहा मात्र रोज होतो, दिवसातून तीन-चारदा होतो, कोणी आलं की परत होतो. त्याच्यासोबत बिस्किट, पोरांच्या दुधातली पावडर, उन्हाळ्यात फ्रिजमधली कोल्ड्रिंकची बाटली. साखर जाते ती इथून, आणि ह्या साखरेसाठी घरात कोणी भांडत पण नाही, म्हणून सुरुवात हिच्यापासून करायची.

आधी आपल्या घरात किती साखर लागते ते बघा. त्याला डायरी लिहायची गरज नाही, महिन्याच्या किराण्याचं बिल काढा. समजा घरात चार माणसं आणि महिन्याला पाच किलो साखर. पाच हजार ग्रॅम भागिले चार, भागिले तीस, म्हणजे माणशी रोज ४१-४२ ग्रॅम. आणि ही नुसती डब्यातली, बिस्किटं, सॉस, जॅम, बाहेरचा चहा हे सगळं वेगळं. आता जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी मर्यादा सांगितली ती अशी की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत आणली तर अजून चांगलं. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी, म्हणजे दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. लहान पोरांच्या एकूण कॅलरीच कमी असतात तर त्यांची मर्यादा अजून खाली येते. यात गूळ, मध, सिरप, फळांचा ज्यूस हे सगळं धरतात. अख्खं फळ आणि साध्या दुधातली आपली नैसर्गिक साखर धरत नाहीत, त्यामुळे पोराने दोन संत्री जास्त खाल्ली म्हणून टेन्शन घेऊ नका.

२५ ग्रॅमच्या हिशोबाने चार माणसांना महिन्याला तीन किलो होते. त्यातली काही पाकिटातून येणारच, ती आपल्या हातात पूर्ण नसते, म्हणून डब्यातली साखर दोन-अडीच किलोवर आणायची हे ध्येय ठेवा. एकदम नाही बाप्पा. पाच आणत असाल तर पुढच्या महिन्यात साडेचार आणा, मग चार. आणि महिना संपायच्या आधी डबा रिकामा झाला तर लगेच फोनवरून दहा मिनिटांत घरपोच मागवायची नाही, तेवढे दोन-तीन दिवस जसं जमेल तसं काढायचे. घरात कमी आणली की कमी लागते, हा माझ्या मते सगळ्यात सोपा उपाय आहे, यात कोणाला उपदेश करावा लागत नाही.

चहा

इथे थोडा वेळ देते कारण आपल्या घरातली निम्मी लढाई इथेच आहे.

पहिलं काम म्हणजे चमचा बदला. साखरेच्या डब्यात जो चमचा पडलेला असतो तो बघा एकदा, बऱ्याच घरी तो चहाचा चमचा नसतोच, वाढायचा मोठा चमचा असतो. त्यात आपण शीग लावून घेतो. सपाट चहाच्या चमच्यात ४-५ ग्रॅम साखर मावते, शीग लावला की तोच ७ च्या आसपास जातो. म्हणजे "मी तर दोनच चमचे घेते" म्हणणारी बाई तीन चमचे घेत असते आणि तिला पत्ता नसतो. डब्यात छोटा चमचा ठेवा, घेतला की बोटाने किंवा डब्याच्या काठाने सपाट करा. काही सोडलं नाही तरी एवढ्यानेच बरीच कमी होते.

मग भांड्यातली कमी करायची. चार कपांच्या चहाला आठ चमचे टाकत असाल तर साडेसात टाका, आठ-दहा दिवसांनी सात, परत आठ-दहा दिवसांनी साडेसहा. घरात सांगू नका. आमच्याकडे सासूबाईंना मी अगदी इमानदारीने विचारलं होतं, "आई, चहात थोडी कमी टाकू का साखर?" तर म्हणाल्या, "टाक, पण मला सांगू नको, सांगितलं की फिका लागते." शंभर टक्के बरोबर बोलल्या. जिभेला हळूहळू कमी गोडाची सवय होते, दोनेक महिन्यांत तर आधीचा चहा पाकासारखा वाटायला लागतो, पण अट एकच की हळू करायचं. एका दिवसात निम्मी केली की सगळे ओरडतात आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच परत टाकता.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. कडक चहाला साखर जास्त लागते. चहापत्ती भरपूर टाकून खळाखळा उकळला की कडू-तुरट उतरतो आणि तो तुरटपणा मारायला आपण साखर ओततो. पत्ती थोडी कमी करा, दूध टाकल्यावर जास्त वेळ उकळू नका, आलं, वेलची नाहीतर गवती चहा टाका, अर्धा चमचा साखर आपोआप कमी लागते. बडीशेपेचे चार दाणे टाकले तरी तोंडाला गोडसर लागतं.

काही लोक म्हणतात चहा बिनसाखरेचा करा आणि साखर वेगळी ठेवा, ज्याला जेवढी पाहिजे तेवढी तो घेईल. घरच्यांसाठी मला हे पटत नाही. वेगळी ठेवली की माणूस हात सैल सोडतो, आणि भांड्यातली साखर कमी करताना जी गुपचूप सोय असते ती पण जाते. पाहुण्यांसाठी ठीक आहे, त्यातल्या कोणाला शुगर आहे, कोणाला नाही, आपल्याला काय माहीत.

बाहेरचा चहा हा वेगळाच प्रकार. टपरीवर साखर आधीच उकळलेली असते, तिथे काही कमी-जास्त करता येत नाही. आपल्या नागपुरात बर्डीला, सदरला, ऑफिसखाली, कुठेही "भैया, एक फिका" म्हटलं तर बरेच जण वेगळा करून देतात, नाही दिला तर हाफ घ्या. आमच्या ह्यांना ऑफिसात चार-पाच चहा होतात, त्यातले दोन बिनसाखरेचे ग्रीन टी नाहीतर लिंबाचा काळा चहा करा असं सांगितलं, एक झाला, दुसरा अजून व्हायचा आहे.

आणि चहासोबतचं बिस्किट. मारी म्हणजे हलकं, डॉक्टर पण सांगतात, असं आपण धरून चालतो, पण पाकीट उलटं करून बघा, १०० ग्रॅममागे वीसेक ग्रॅम साखर त्यात पण असते. टोस्टमध्ये पण असते. चहाबरोबर काही तोंडात टाकायचंच असेल तर फुटाणे, मुरमुऱ्याचा चिवडा, भाजलेल्या फल्ल्या म्हणजे भुईमुगाच्या शेंगा. सकाळच्या बाबतीत तर आपण नागपूरचे लोक नशीबवान आहोत, आपला नाश्ता मुळातच तिखटाचा, तर्री पोहे खाणाऱ्या माणसाला ब्रेड-जॅम कशाला लागतो.

पाकीट उलटं करायची सवय

दुकानात उभं राहून हे करायला सुरुवातीला लाज वाटते, मागे लाइन असते, पण एकदा सगळ्या नेहमीच्या वस्तू वाचून झाल्या की परत वाचायची गरज नाही.

तीन गोष्टी बघायच्या. एक, पोषणाच्या तक्त्यात "अ‍ॅडेड शुगर्स" ही ओळ. "टोटल शुगर्स" मध्ये दूध-फळातली नैसर्गिक पण येते, त्यामुळे अ‍ॅडेडवाली बघा. दोन, आकडा १०० ग्रॅमचा आहे का एका सर्व्हिंगचा. कंपनीने सर्व्हिंग दोन बिस्किटांची धरली असते आणि आपल्याकडे दोनवर कोण थांबते. तीन, घटकांची यादी. ती वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने लिहावी लागते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. साखर पहिल्या तिनात असेल तर ती मिठाईच समजा, पाकिटावर गव्हाचं कणीस छापलेलं असो का पळणारा मुलगा. आणि साखर एकाच नावाने येत नाही. इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट, सगळी एकाच खानदानातली.

बाजूला टक्क्यांचा जो रकाना असतो तो मोठ्या माणसाच्या २००० कॅलरी आणि ५० ग्रॅम साखर धरून काढलेला असतो. पाच वर्षांच्या पोराला तो लागू करू नका.

काही वस्तूंचं आधीच सांगून ठेवते. जॅम म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच. टोमॅटो केचपच्या एका मोठ्या चमच्यात जवळपास एक छोटा चमचा साखर, आणि आपली पोरं आलूबोंड्यासोबत किती चमचे घेतात ते तुम्हाला माहीत आहे. चॉकलेटवाले कॉर्नफ्लेक्स, फ्लेवरवालं दही, फ्लेवरवालं दूध, हे सगळं गोड खाण्यातच मोजा. साधं दही आणून त्यात फळ चिरून टाकलं तर पैसे पण वाचतात. डब्याच्या ज्यूसवर "१०० टक्के फळांचा रस" लिहायचे, ते जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, काढायला लावलं.

पोरांच्या दुधातल्या पावडरीचं तर काय सांगू. बऱ्याच माल्टवाल्या पावडरींमध्ये एक तृतीयांशाच्या आसपास साखर असते, आणि वरून आपण एक चमचा अजून टाकतो कारण पोरगं पीत नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विकणाऱ्या साइट्सना सांगितलं की अशी पेयं "हेल्थ ड्रिंक" म्हणून दाखवू नका, कारण कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी काही व्याख्याच नाही. बंद कसं करायचं? आधी वरची साखर बंद. मग पावडरीच्या डब्यात बिनसाखरेची कोको पावडर नाहीतर घरी केलेली बदाम-वेलचीची पूड मिसळून ठेवायची, पहिल्यांदा थोडी, पुढच्या डब्यात जास्त. डबा तोच, रंग तोच, पोरं कुरकुर करत नाहीत. रात्रीच्या दुधात जायफळ आणि चिमूटभर हळद, साखर नाही. आणि पोरगं दूध पीतच नसेल तर दही, ताक, पनीर द्या ना, दुधासाठी साखरेची लाच काहून द्यायची.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर वरून साखर-गूळ काहीच लागत नाही, खिमटीत नाही, दुधात नाही. आणि एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटवायला पण नाही, त्यातल्या जंतूंमुळे बाळाला बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आजीला हे प्रेमाने पण ठामपणे सांगा.

उन्हाळा

नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर, आणि घरात कोणाला पाणी पिऊ वाटत नाही, सगळ्यांना "काहीतरी थंड" पाहिजे. वर्षभर कमावलेलं इथे धुऊन जाते. कोला प्रकारच्या कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलीला १०-११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलीच्या एका बाटलीत पंचवीस-सव्वीस ग्रॅम, दिवसाचा कोटा खल्लास. उसाचा रस नैसर्गिक खरा, पण त्याच्या एका मोठ्या ग्लासात पण तीसेक ग्रॅम साखर असते. मी रसवंती बंद करा म्हणत नाही, पंख्याखाली त्या बाकावर बसून रस प्यायची मजा आहेच, पण ती कधीमधी, रोज संध्याकाळी नाही, आणि ग्लास छोटा.

घरात बाटली आणायचीच नाही, एवढा एक नियम करा. बाहेर गेल्यावर पिऊ दे. फ्रिजमध्ये असली की प्यायली जाते.

तिच्या जागी काय ठेवायचं तर माठाचं पाणी वाळा टाकून, आणि ताक. ताकात भाजलेलं जिरं, सांबार म्हणजे कोथिंबीर, काळं मीठ, जरासं आलं, मोठी बाटली भरून ठेवा. लिंबू सरबत मिठाचं करा, साखर नावाला. पन्ह्याला आपण कैरीच्या गराएवढाच गूळ टाकतो, तो निम्म्यावर आणा आणि कैरी थोडी पिकायला आलेली, पाड लागलेली घ्या, कच्ची टणक आंबट कैरी घेतली की गुळाशिवाय पर्याय नसतो. काळं मीठ, जिरेपूड आणि वेलची जरा हात सैल सोडून टाका. आंब्याच्या रसात साखर टाकणं हा तर मला गुन्हा वाटतो. आंबा गोड नसेल तर एक दिवस अजून पेंढ्यात ठेवा, चिमूटभर मीठ आणि सुंठ टाकली की चव उठते.

पण एक सांभाळा. ऊन लागलं, जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसमधली साखर काढायची नाही. ती चवीसाठी नसते, आतड्यात मीठ आणि पाणी शोषलं जायला ती लागते. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं घ्या, आणि नसेलच जवळ तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्ही छोट्या चहाच्या चमच्याने. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची जी गोड पेयं ओआरएसच्या नावाने विकली जायची ती हे नाहीत. एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली ती ह्याच गोंधळामुळे.

संत्र्याच्या गावात संत्र्याचा ज्यूस कशाला

आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वर्षातले चार-पाच महिने आपल्याकडे स्वस्त आणि ताजी संत्री आहेत. कळमन्यातून नाहीतर कॉटन मार्केटमधून टोपलीभर आणा, डायनिंग टेबलवर उघडी ठेवा, फ्रिजच्या खालच्या खणात लपवू नका, दिसली की खाल्ली जातात. पण फोडी खा. एक ग्लास रसाला चार-पाच संत्री लागतात, चोथा जातो, गोडवा तेवढा राहतो आणि दोन मिनिटांत पोटात जातो. चार संत्री सोलून खायला बसा बरं, तिसऱ्याला पोट भरते. आंबट निघालं तर वर साखर नको, मीठ-तिखट लावा. बाकी पेरू, बोरं, सीताफळ, चिकू, जांभळं, ज्या सिझनला जे असेल ते.

पोरं शाळेतून आली की पाचच्या सुमारास जे गोडासाठी वखवखतात ना, ती बरेचदा भूक असते. त्या वेळेला काही खायला तयार नसेल तर हात क्रीमच्या बिस्किटावरच जाणार. थालीपीठ, धिरडं, उकडलेल्या फल्ल्या, मक्याचं भाजलेलं कणीस, दुपारच्या पोळीचा तिखट कुस्करा, काहीही, पण ते समोर पाहिजे. मोठ्यांचं रात्री जेवणानंतरचं "काहीतरी गोड" वेगळं, ती सवय असते. तिथे बडीशेप, नाहीतर एक खजूर. खजूर एकच हं, त्याच्यात पण साखर भरपूर असते, "शुगर फ्री खजूर लाडू" म्हणून जे विकतात त्याचे चार खाल्ले तर काही फायदा नाही.

शाळेची मदत मिळते का बघा. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना शुगर बोर्ड लावायला सांगितलं आहे, कुठल्या पदार्थात किती साखर ते पोरांना दिसावं म्हणून. आमच्या घरी त्याचा परिणाम असा की धाकटा आता माझ्याच चहाचे चमचे मोजते.

दातांसाठी एक लक्षात ठेवा, एकूण किती गोड खाल्लं त्यापेक्षा किती वेळा खाल्लं याने जास्त फरक पडतो. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि दर वेळी दात थोडा झिजतो. एक चॉकलेट जेवणानंतर एकदाच खाऊन टाकलं तर चालेल, पण तेच दिवसभर चघळलं, दर अर्ध्या तासाला एक गोळी, हे वाईट. तान्ह्या पोळ्याला पोट्टे लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात आणि बोजाऱ्यात, म्हणजे दारोदारी मिळणाऱ्या खाऊ-पैशात, पिशवीभर चॉकलेटं गोळा करतात, ती पिशवी महिनाभर पुरवू नका. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मनसोक्त खाऊ द्या, बाकीची वाटून टाका, रात्री ब्रश. आपल्या दारात येणाऱ्या पोरांना बोजारा म्हणून चॉकलेटच दिलं पाहिजे असं काही नाही, दहाची नोट, पेन्सिल, खोडरबर, राजगिऱ्याची छोटी वडी, खूश होतात.

सणाचं गोड

हे बंद करू नका असं मी वर म्हटलंच, पण प्रमाण थोडं हलवता येते, आणि कुठे हलवता येते आणि कुठे नाही हे माहीत पाहिजे.

पुरणाला एक वाटी डाळीला एक वाटी गूळ हे आपलं ठरलेलं. पाऊण वाटीवर बिनधास्त या, कोणाला कळत नाही. फक्त डाळ शिजल्यावर पाणी पूर्ण निथळून घ्या, चाळणीत दहा मिनिटं राहू द्या, कारण गूळ कमी आणि डाळ पाणचट असली की पुरण बेचव होते. गूळ कमी असल्यामुळे ते नेहमीपेक्षा लवकर आळतं, त्यामुळे उलथणं मधोमध उभं राहिलं रे राहिलं की गॅस बंद. नेहमीच्या अंदाजाने अजून पाच मिनिटं परतत बसाल तर कोरडं होते आणि लाटताना कडेने पोळी फाटते. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. जायफळ ताजं किसून नेहमीपेक्षा जास्त, वेलची, आणि चिमूटभर मीठ, मिठाने गोडी वर येते. तुपाच्या वाटीचं मी बोलत नाही, तो विषय काढला तर मला घरात पाऊल ठेवू देणार नाहीत.

श्रीखंडाला चक्क्याच्या निम्मी साखर पुरते, पण चक्का आंबट नको. दही ताजं लावा आणि फडक्यात बांधून फ्रिजमध्येच टांगा, बाहेर आपल्या गर्मीत टांगलं की आंबतं आणि मग साखर ओतावी लागते. साखर कमी असल्यामुळे श्रीखंड घट्ट पण राहते. शिऱ्याला रव्याच्या निम्मी साखर आणि एक पिकलेलं केळं. बेसनाच्या लाडवात पिठीसाखर तिसऱ्या हिश्श्याने कमी केली तरी ते वळतात कारण तिथे तूप बांधते. पाकातले रव्याचे लाडू, तिळाचे लाडू, चिक्की, इथे पाकच बांधणारा असतो, कमी केला तर भुगा होतो, म्हणून तिथे प्रमाण तेच ठेवा आणि लाडू सुपारीएवढे वळा. केकमधली साखर पाव भागाने कमी करा, त्याच्या खाली गेलात तर कोरडा पडते. संत्रा बर्फी कोणी आणली तर एक तुकडा दोघांत, आणि बाकीचा डबा शेजारी. परगावचे पाहुणे आले असतील तर तर काही प्रश्नच नाही, जाताना त्यांच्याच हातात द्यायचा.

गूळ, मध, शुगर फ्री

गूळ साखरेपेक्षा चांगला का? चव चांगली, थोडंफार लोह वगैरे असते, पण गोडाचा भाग जवळपास तेवढाच, १०० ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास कॅलरी आणि साखरेत ४००. गूळ आवडतो म्हणून खा, औषध म्हणून दुप्पट टाकू नका. ब्राऊन शुगर, खडीसाखर, मध, सगळ्यांचं तेच. शुगर फ्रीच्या गोळ्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन कमी करायला त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. ती सूचना आधीपासून डायबेटिस असलेल्यांसाठी नव्हती, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. घरात बाकीच्यांसाठी मला तरी ह्या गोळ्या नको वाटतात, कारण त्यात जीभ गोडावरच अडकून राहते आणि आपण दोन महिने चमचा-चमचा करून जे केलं ते पाण्यात.

घरात कोणाला डायबेटिस असेल आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं गोड आणि जेवण आपल्या मनाने एकदम कमी करू नका, आधी डॉक्टरांशी बोला, औषधाचा डोस बदलावा लागू शकतो. औषध तेवढंच आणि खाणं कमी झालं की शुगर खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, माणूस गोंधळल्यासारखं बोलते. अशा वेळी लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यायची, पंधरा मिनिटांनी मशीनवर परत तपासायची, अजून कमी असेल तर परत तेवढीच द्यायची, आणि बरं वाटलं की पोळी-भाजी काहीतरी खायला द्यायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ दवाखाना. त्यामुळे साखरेचा डबा कितीही वर चढवून ठेवला तरी अशा माणसाच्या खिशात आणि उशाशी ग्लुकोजची छोटी पुडी राहू द्या, आणि ती कुठे आहे हे घरातल्या पोट्ट्यांना पण माहीत असू द्या.